डोक्याला मार लागला आणि स्वप्नातले रंग गेले



‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण तुम्ही अनेकदा ऐकली असेल. परीक्षा जवळ आली की स्वप्नात कोरी उत्तरपत्रिका दिसते. सहलीच्या आदल्या रात्री एस.टी. चुकल्याचे स्वप्न पडते. मनात जे घोळत असते, तेच वेष पालटून रात्री पुढे येते. म्हण खरी आहे, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. मनात वसलेले दिसण्यासाठी कोणीतरी ते दाखवावे लागते. खोलीत काळोख असतो, डोळे मिटलेले असतात आणि तरीही आपण माणसे पाहतो, रस्ते पाहतो, आकाशात उडणारा लाल पतंग पाहतो. हे दाखवण्याचे काम कोण करते?

मेंदू करतो, हे तुम्ही लगेच सांगाल. पण मेंदूचा कोणता भाग? दिवसा आपल्याला जग दाखवणारा भाग आणि रात्री स्वप्न दाखवणारा भाग एकच, की निराळे? निरोगी माणसाकडे पाहून याचे उत्तर मिळणे अवघड असते. घड्याळ नीट चालू असते तोवर त्यातले कोणते चाक काय काम करते याचा विचार आपण करत नाही. एखादे चाक मोडले की ते कळते. ज्यांच्या मेंदूला इजा झाली, अशा माणसांनी आपल्या डॉक्टरांना जे सांगितले, त्यातूनच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळाले आहे.

रंग हरवलेला चित्रकार

१९८६ च्या जानेवारीत अमेरिकेतील ६५ वर्षांचा एक चित्रकार मोटार चालवत चालला होता. एका लहान ट्रकने त्याच्या गाडीला धडक दिली आणि त्याच्या डोक्याला जोराचा हादरा बसला. त्यानंतर काही दिवस त्याला अक्षरे वाचता येईनात; ओळखीची लिपी परकी वाटू लागली. ही अडचण पाच दिवसांत गेली. दुसरी मात्र कायमची राहिली. त्याच्या जगातले सगळे रंग गेले.

त्याची नजर अधू झाली नव्हती, उलट ती अधिकच तीक्ष्ण झाल्यासारखी वाटत होती. पण टोमॅटो त्याला काळा दिसे. माणसे करड्या पुतळ्यांसारखी दिसत. ताटातले अन्न इतके किळसवाणे वाटे की तो डोळे मिटून जेवू लागला. पण डोळे मिटूनही सुटका नव्हती, कारण मनातला टोमॅटोही काळाच होता! रंगांची नावे आणि त्यांच्या छटांचे क्रमांक त्याला तोंडपाठ होते, पण एकही रंग मनासमोर उभा राहत नसे. पूर्वी त्याला ठसठशीत रंगीत स्वप्ने पडत. आता स्वप्नेही काळी-पांढरी झाली.

न्यूयॉर्कचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी डोळ्यांचे डॉक्टर रॉबर्ट वॉसरमन यांच्यासह या चित्रकाराला तपासले आणि १९८७ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. चित्रकाराची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांनी त्याला ‘श्री. आय.’ म्हटले. हे सारे केवळ धडकेमुळे झाले, की त्याच सुमारास मेंदूच्या लहानशा भागाचा रक्तपुरवठा तुटला होता, हे निश्चित ठरवता आले नाही. पण बिघाड डोळ्यांत नसून मेंदूत होता, हे मात्र स्पष्ट झाले.

तुम्ही म्हणाल, रंग तर टोमॅटोत असतो. त्याचा मेंदूशी काय संबंध? एक गोष्ट लक्षात घ्या. सकाळच्या उन्हात, दुपारी सावलीत आणि रात्री विजेच्या दिव्याखाली टोमॅटोवरून परावर्तित होणारा प्रकाश अगदी वेगवेगळा असतो. तरी आपल्याला टोमॅटो लालच दिसतो. कारण मेंदू एका वस्तूकडून येणाऱ्या प्रकाशाची तुलना आजूबाजूच्या वस्तूंकडून येणाऱ्या प्रकाशाशी करतो आणि मग रंग ठरवतो. डोळे फक्त कच्चा माल पुरवतात. हा रंग ठरवण्यात मेंदूच्या मागच्या बाजूचा एक लहान भाग महत्त्वाचे काम करतो. लंडनचे शास्त्रज्ञ सेमीर झेकी यांनी त्याचा विशेष अभ्यास केला आहे. त्याला ‘व्ही-४’ असे नाव आहे. तो निकामी झाला तर डोळे शाबूत असूनही रंग दिसत नाहीत. श्री. आय. यांच्या उदाहरणावरून आणखी एक गोष्ट कळते. दिवसा जो कारागीर रंग भरतो, तोच रात्री स्वप्नातही रंग भरतो. तो गेला की दोन्हीकडचे रंग जातात.

धडक लागते तेव्हा आत काय होते?

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. तो खरवसासारखा मऊ असतो. त्याच्याभोवती पाण्यासारखे एक द्रव असते आणि त्यात तो तरंगतो. पाण्यात बुडवलेली बादली हलकी लागते, तसेच या द्रवात मेंदूचे वजन जेमतेम ५० ग्रॅम असल्यासारखे होते. शिवाय बाहेरून कवटीचे भक्कम कवच असतेच. रोजच्या धावण्या-उडी मारण्याला ही व्यवस्था पुरते.

आता पाण्याने भरलेल्या डब्यात खरवसाचा मोठा तुकडा ठेवला आहे, असे समजा. डबा जोरात पुढे नेऊन एकदम थांबवला तर काय होईल? डबा थांबेल, पण तुकडा पुढे जाऊन भिंतीवर आपटेल आणि उलटून मागच्या भिंतीवरही आपटेल. एस.टी.च्या चालकाने अचानक ब्रेक लावल्यावर उभे प्रवासी पुढे फेकले जातात, तोच हा जडत्वाचा नियम. म्हणूनच मार कपाळावर लागला तरी इजा मेंदूच्या मागच्या बाजूला होऊ शकते. डोके गर्रकन फिरले तर आणखी नुकसान होते. एका पेशीपासून दुसरीकडे निरोप नेणारे बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. ही इजा इतकी सूक्ष्म असू शकते की क्ष-किरणांनी किंवा सी.टी. स्कॅनने काढलेल्या चित्रात काहीच दिसत नाही, आणि रोग्याला मात्र त्रास होत असतो.

नाकाच्या वरच्या बाजूला चाळणीसारखे भोके असलेले एक हाड आहे. त्या भोकांतून वासाचे नाजूक तंतू मेंदूकडे जातात. मेंदू जोरात सरकला की ते तुटू शकतात. म्हणून डोक्याला मार लागलेल्या काही माणसांचा वास जातो आणि त्याबरोबर जेवणाची चवही फिकी लागते. काहींना एकाची दोन माणसे दिसतात. काहींना उजेड आणि आवाज सहन होत नाही. कानाच्या आतील सूक्ष्म खडे जागेवरून निसटले तर कूस बदलताच खोली फिरू लागते. ही सारी माणसे ‘जग बदलले’ असे सांगतात. जग तेच असते, ते दाखवणारे यंत्र हादरलेले असते.

बंदुकीच्या गोळ्यांनी काढलेला नकाशा

मेंदूत कोणते काम कुठे चालते याचे ज्ञान, दुर्दैवाने, युद्धांतून पुष्कळ मिळाले. १९०४-०५ साली रशिया आणि जपान यांच्यात युद्ध झाले. रशियन बंदुकांच्या गोळ्या आकाराने लहान आणि फार वेगवान होत्या. काही सैनिकांच्या कवटीतून त्या आरपार गेल्या आणि तरीही ते जगले. मात्र नजरेसमोरचा काही भाग त्यांना दिसेनासा झाला. निवृत्तिवेतन ठरवण्यासाठी अशा सैनिकांची नजर तपासण्याचे काम तात्सुजी इनोऊये या तरुण जपानी नेत्रवैद्याकडे आले. गोळी कोठून शिरली आणि कोठून बाहेर पडली यावरून आत कोणता भाग दुखावला हे त्यांनी काढले आणि नजरेतल्या आंधळ्या जागेशी ते ताडून पाहिले. २९ सैनिकांच्या अभ्यासावरून त्यांनी १९०९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. डोळ्यांसमोरच्या दृश्याचा जणू एक नकाशाच डोक्याच्या मागच्या भागात पसरलेला असतो, हे त्यातून दिसले.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश डॉक्टर जॉर्ज रिडॉक यांना अशाच काही जखमी सैनिकांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. १९१७ साली त्यांनी ती नोंदवली. आंधळ्या झालेल्या भागात वस्तू स्थिर असली तर या सैनिकांना काही दिसत नसे. पण ती हलली की ‘काहीतरी हलले’ एवढे त्यांना समजे. काय हलले, ते सांगता येत नसे! याच्या उलट उदाहरण १९८३ साली जर्मनीतील म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. मार लागून नव्हे, तर मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी झाल्यामुळे एका बाईंना वस्तू दिसत, पण त्यांची हालचाल दिसत नसे. कपात ओतला जाणारा चहा त्यांना गोठलेल्या खांबासारखा दिसे, त्यामुळे कप कधी भरला ते कळत नसे. रस्त्यावरची मोटार आधी लांब दिसे आणि मग एकदम जवळ.

यावरून काय कळते? ‘पाहणे’ हे एकच काम नाही. आकार, रंग, हालचाल, चेहरा ही निरनिराळी कामे निरनिराळे कारागीर करतात आणि आपल्याला मात्र एकच अखंड दृश्य मिळते.

तिसरी घंटा आणि नेपथ्य

आता स्वप्नांकडे वळू. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. झोपेत ठरावीक काळाने मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात आणि त्या वेळी जागे केले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या झोपेला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रेम झोप’ म्हणतात. साधारण दर दीड तासाने, रात्रीतून चार-पाच वेळा ती येते. पुढे फ्रान्सचे मिशेल झुव्हे यांनी दाखवले की, या झोपेचे नियंत्रण मेंदूच्या अगदी खालच्या, देठासारख्या भागातून होते. त्याच वेळी हातापायांचे स्नायू ढिले पडतात. म्हणून स्वप्नात धावत असूनही आपण अंथरुणातच असतो.

पुष्कळ वर्षे असे मानले जाई की रेम झोप म्हणजेच स्वप्न. पण रोग्यांचे अनुभव निराळेच सांगत होते. दक्षिण आफ्रिकेचे मार्क सोल्म्स यांनी मेंदूचे विकार असलेल्या ३६१ रोग्यांना एक साधा प्रश्न विचारला : ‘आजारानंतर तुमच्या स्वप्नांत काही फरक पडला का?’ १९९७ साली त्यांनी आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. मेंदूच्या देठाला धक्का न लागताही काहींची स्वप्ने साफ थांबली होती. त्यांची इजा मुख्यत्वे दोन ठिकाणी होती. एक जागा कानाच्या वर व मागे, जेथे पाहणे, ऐकणे आणि स्पर्श यांची माहिती एकत्र येते. दुसरी कपाळामागे खोलवर, इच्छा आणि ओढ यांच्याशी संबंधित तंतूंची.

हे नाटकाच्या उदाहरणाने सोपे होईल. मेंदूचा देठ तिसरी घंटा वाजवतो. पण घंटा वाजली म्हणजे नाटक झाले असे नाही. नेपथ्य उभारणारे हवेत. ते कानामागच्या आणि डोक्याच्या मागच्या भागात असतात. नाटक व्हावे अशी हौस असणारा निर्माताही हवा. तो कपाळामागे बसलेला असतो. नेपथ्यकार किंवा निर्माता गैरहजर असेल तर घंटा वाजत राहते आणि रंगमंच रिकामाच राहतो.

असा रिकामा रंगमंच डॉक्टरांनी पाहिलाही आहे. झुरिच येथे ७३ वर्षांच्या एका बाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाली. नजरेचे बरेच दोष काही दिवसांत सुधारले, पण स्वप्ने पडणे बंद झाले. डॉक्टरांनी त्यांच्या झोपेचे आलेख काढले. रेम झोप नेहमीसारखी होती! त्या झोपेतून मुद्दाम जागे केले तरी त्यांच्याजवळ सांगायला स्वप्न नसे. तीन महिन्यांहून अधिक काळ हीच स्थिती राहिली. २००४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

उलट घंटाच बिघडली तर? स्वप्नांवर आयुष्यभर संशोधन करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ ॲलन हॉब्सन यांना २००१ साली नेमका मेंदूच्या देठात झटका आला. प्रथम काही दिवस त्यांना झोपच येईना आणि सुमारे महिनाभर स्वप्न पडले नाही. त्यांनी स्वतःच या काळाची बारकाईने नोंद ठेवली आणि ती प्रसिद्ध केली.

आता एक कोडे पाहा. मेंदूच्या अगदी मागच्या टोकाला, म्हणजे इनोऊये यांनी नकाशा काढलेल्या भागाला इजा झाली तर माणूस आंधळा होतो. त्याची स्वप्नेही आंधळी होतील का? नाही! अशा रोग्यांना स्वप्नात दिसते, असे सोल्म्स यांना आढळले. मोठेपणी डोळे गेलेल्यांनाही बहुधा स्वप्नात दिसत राहते. कारण तो भाग म्हणजे बाहेरचे सामान आत घेण्याचा दरवाजा आहे. रात्रीच्या नाटकाला दरवाजा लागत नाही, गोदामातल्या सामानावर भागते. जन्मांध व्यक्तीच्या गोदामात चित्रेच नसतात, म्हणून तिची स्वप्ने आवाज, स्पर्श आणि वास यांची बनलेली असतात. दरवाजा बंद झाला तर नाटक चालू शकते, रंगारी गेला तर नाटकातला रंग जातो आणि नेपथ्यकार गेले तर नाटकच होत नाही.

हे तुमच्या-आमच्या कामाचे कसे?

डोक्याला मार लागल्यावर स्वप्नांत होणारे बदल एकाच प्रकारचे नसतात. काहींची स्वप्ने कमी होतात, काहींची फार ठळक होतात. कपाळामागील काही भाग दुखावल्यावर ‘हे स्वप्नात घडले की खरेच?’ असा गोंधळ होणारे रोगीही डॉक्टरांना भेटले आहेत. अपघातानंतर तीच धडक रात्री पुन्हा पुन्हा दिसणे हेही वारंवार आढळते. त्यात मेंदूच्या जखमेइतकाच मनाला बसलेल्या धक्क्याचा भाग असू शकतो. दोन्हींवर उपचार आहेत.

समजा, तुमच्या वर्गातला एखादा मुलगा सायकलवरून पडला. टाके पडले, जखम भरली, तो शाळेत आला. पण आता तो म्हणतो, ‘फळ्यावरची अक्षरे हलतात’, ‘गोंगाटाने डोके दुखते’, ‘रात्री भयंकर स्वप्ने पडतात’. जखम तर दिसत नाही! मग कोणी म्हणतो हा ढोंग करतो, कोणी म्हणतो अभ्यास टाळतो आणि कोणी ‘बाहेरची बाधा’ झाली म्हणून अंगारा लावायला सांगतो. वरच्या हकिकती वाचल्यावर तुम्ही तसे म्हणणार नाही. श्री. आय. यांना दिसणारा काळा टोमॅटो जितका खरा होता, तितकीच त्या मुलाची हलणारी अक्षरे खरी आहेत. त्याला डॉक्टरांकडे न्यायला हवे. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू अभ्यास आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय खेळ नाही, हे पथ्य पाळायला हवे. शिक्षकांनी त्याला खिडकीच्या झगझगाटापासून दूर बसवले आणि थोडा जास्त वेळ दिला, तर त्याचे अर्धे ओझे हलके होते. बहुतेक मुले काही आठवड्यांत पूर्ववत होतात.

काही लक्षणे मात्र थांबू देत नाहीत. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून उठवता न येणे, झटके, बोलण्यात गोंधळ, हात किंवा पाय लुळा पडणे, नाका-कानातून पाण्यासारखा द्राव किंवा रक्त येणे, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे यांपैकी एकही दिसले तर त्याच क्षणी इस्पितळ गाठावे.

आणि मार लागूच नये म्हणून हेल्मेट. त्याच्या आतील जाड थर धडकेत चेपला जातो आणि डोके थांबायला थोडा अधिक वेळ मिळतो, त्यामुळे मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने दुचाकीवर ते सक्तीचे केले आहे, मागे बसणाऱ्यालाही. हनुवटीखालचा पट्टा मात्र लावलेला हवा. नाहीतर पडताना हेल्मेट आधी सुटते आणि डोके उघडे पडते.

करून पाहा

उशाशी एक वही आणि पेन्सिल ठेवा. सकाळी जाग येताच, अंथरुणातून उठण्यापूर्वी, स्वप्न आठवत असेल तर लिहा. पुढे पाच रकाने आखा : रंग, हालचाल, आवाज, स्पर्श, वास-चव. ज्याचा अनुभव आला त्याच्या रकान्यात खूण करा. महिनाभराने खुणा मोजा आणि मित्रांच्या खुणांशी ताडून पाहा. कोणता रकाना सर्वांत भरलेला आणि कोणता जवळजवळ रिकामा आहे? एखाद्या महिन्यात एकही स्वप्न आठवले नाही तर घाबरू नका. पुष्कळ निरोगी माणसांना स्वप्ने आठवत नाहीत. आधी आठवत असलेली स्वप्ने डोक्याला मार लागल्यानंतर बदलली, तरच ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायची.

सोल्म्स यांनी रोग्यांना विचारलेला प्रश्न किती साधा होता, ते आठवा. त्यासाठी मोठे यंत्र लागले नाही. समोरचा माणूस जे सांगतो ते खरे मानून ऐकण्याची तयारी मात्र लागली. तेवढी तयारी आपल्यालाही ठेवता येईल.